ऐतिहासिक पिक्चरमध्ये मुलाला पाठवायचं का? आमचा अनुभव

ताई, तुमचा मुलगा नऊ वर्षांचा, पेशवाईवरच्या पिक्चरला सिलेक्ट झालाय, वाई-भोरकडे पंचवीस दिवस शूटिंग आणि डोकं भादरायचं म्हणतायत, तर पाठवू का, असं विचारलंय तुम्ही. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना अशाच एका पिक्चरमध्ये होता म्हणून सविस्तर लिहिते. पाठवा, पण तुम्ही किंवा त्याचे बाबा रोज सेटवर हवेतच, आणि उद्या काय होणार आहे ते आदल्या रात्री त्याला सांगूनच झोपवा.

डोक्याचं म्हणाल तर विग किंवा टकलाची कॅप लहान मुलांना उन्हात टिकत नाही, घामाने कपाळावरची कड सुटते, म्हणून ते भादरायचाच आग्रह धरतात आणि त्यात त्यांचंही बरोबर आहे. आमच्याकडे चूक अशी झाली की त्याला कोणी विचारलंच नाही, मी कपडेपटात मापं देत होते तेवढ्यात खुर्चीत बसवून पुढचं डोकं साफ, मागे घेरा आणि शेंडी. आरशात बघून जो रडायला लागला तो दुपारपर्यंत थांबला नाही. तुम्ही घरीच फोटो दाखवा, शाळेत टोपी घालायची परवानगी काढून ठेवा.

दुसरं म्हणजे दात! हे कोणी सांगत नाही. पहिलं शेड्यूल मेणवलीच्या घाटावर, पुढचं दीड महिन्याने स्टुडिओत, आणि मधे याचा पुढचा दात पडला. सीन एकच, वाड्याच्या दारातून आत येतो, म्हणजे बाहेर दात आहे आणि आत आल्यावर नाही. मग डेंटिस्टकडून क्लिपचा खोटा दात करून घेतला, पण तो लावला की "श्रीमंत" म्हणताना शिट्टी वाजायची, सगळे डायलॉग डबिंगला परत घ्यावे लागले. हलणारा दात असेल तर प्रॉडक्शनला आत्ताच सांगा. मुंजीचा वगैरे उघड्या अंगाचा सीन असेल तर दंडावरची बीसीजीची खूण मेकअपने झाकतात, त्यालाही वेळ जातो.

वेळेवरून आठवलं, बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणे मुलांकडून दिवसाला 5 तासांच्या वर काम घेता येत नाही, सलग 3 तासांनी विश्रांती द्यावीच लागते, निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मानधनाचे निदान 20 टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करायचे असतात. परवानगीचा कागद मागून स्वतः बघा, मागायला लाजू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रडायचे सीन. आमच्याकडे वडिलांच्या प्रेताजवळ बसायचा सीन होता आणि "खरं रडू येईल, आधी सांगू नका" असं मला सांगण्यात आलं. मी ऐकलं नाही. वडिलांचं काम करणाऱ्या काकांना विनंती केली, त्यांनी तिरडीवर झोपायच्या आधी त्याला जवळ घेतलं, नाकातला कापूस हातात दिला, "मी श्वास घेतोय बघ" म्हणून त्याचा हात पोटावर ठेवला. टेकमध्ये तो रडलाच, छान रडला, आणि कट म्हटल्यावर पहिल्यांदा हात पोटावर ठेवून बघितला.

म्हणून सही करायच्या आधी त्याच्या सगळ्या सीन्सची यादी मागून घ्या, मरण, आग, घोडा, पाणी जिथे जिथे आहे तिथे पेनने खूण करा आणि मग त्याला शेजारी बसवून एकेक वाचून दाखवा.