जिन्यावर बैठक घे

प्रिय दोस्ता,

आपल्या पुनर्वसन वसाहतीतल्या गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, प्रश्नावर झालेल्या बैठकीचं तू पाठवलेलं इतिवृत्त वाचलं. अकरा विभागांचे लोक, दोन तास, चहा-बिस्किटं आणि शेवटी ‘परस्पर समन्वयाने कार्यवाही करण्याचे ठरले’. कुणी ठरवलं? कार्यवाही कोण करणार? कधी? सरकारी मराठीत कर्ता कायम फरार असतो. पालिकेच्या रुग्णालयात 27 वर्षं समाजसेवेचं काम करून मी एवढं तरी शिकले. पुढच्या वेळी इतिवृत्त लिहायचं काम तू माग. ते कुणालाच नको असतं, लगेच देतील. मग प्रत्येक वाक्याला कर्ता दे आणि तारीख दे. निम्मी माणसं तुझ्यावर चिडतील. चिडू देत.

‘ताई, या सगळ्यांना एकत्र आणायचं कसं?’ असं विचारलंयस. टेबलाभोवती आणू नकोस. जिन्यावर आण.

आपली पुनर्वसनाची इमारत डोळ्यांसमोर आण. 225 चौरस फुटांची घरं, सात मजले, आणि समोरच्या इमारतीपासून अंतर एवढं कमी की खिडकीतून शेजारणीला वाटी देता येईल असं वाटावं. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने 2018च्या सुमारास नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी अशा मुंबईतल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला होता. पहिल्या दोन ठिकाणी इमारतींत जेमतेम 3 मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि क्षयरोगाचं प्रमाण तिसऱ्या, जरा मोकळ्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त. बैठकीत तू हा अभ्यास काढलास तेव्हा पोलीस अधिकारी म्हणाले, ‘याचा गर्दशी काय संबंध?’ आणि तू गप्प बसलास. अरे, संबंध तोच तर आहे. भर दुपारी ज्या जिन्यात मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो, तिथे बायका थांबत नाहीत, मुलं खेळत नाहीत. मग जिना कुणाचा होतो? वर मूळ लाभार्थी दुसरीकडे राहायला गेल्यामुळे बंद पडलेली घरं. एकाचं कुलूप तुटलं की आठवड्याभरात आत गर्द ओढायच्या पन्नीचे तुकडे, ‘बटण’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या.

इमारत एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने बांधली, आता ती सोसायटीच्या ताब्यात. बाहेरचं गटार आणि कचरा पालिकेच्या एम पूर्व विभागाकडे. लिफ्टचा ठेकेदार तिसराच. प्रत्येक जण ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणतो आणि गंमत म्हणजे कुणीच खोटं बोलत नसतो.

आम्ही एकदा असं केलं. पालिकेचा अभियंता, ठाण्याचे फौजदार, आरोग्य केंद्रातली सेविका आणि सोसायटीचे सेक्रेटरी, चौघांना संध्याकाळी सातला सहाव्या मजल्यावर बोलावलं. लिफ्ट अर्थातच बंद. अभियंता चौथ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहिला, तेव्हा त्याच्या बाजूने एक आजी पाण्याची कळशी घेऊन वर गेली. काही बोलली नाही, नुसतं बघितलं. जिन्यातले दिवे चार दिवसांत लागले. गच्चीच्या दाराला कुलूप बसलं आणि किल्ली कुणाकडे राहील ते तिथेच, दारात उभ्या उभ्या ठरलं. मी त्यांना काहीही समजावलं नव्हतं. गर्द मात्र त्याने थांबलं नाही, ते शेजारच्या विंगेत गेलं. हेही तुला माहीत असू दे.

आता उपचारांकडे येते, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. 2019च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्यांपैकी फार थोड्यांनाच कसला तरी उपचार मिळतो. जो मिळतो तो टिकतो का, हे बरंचसं राहायच्या जागेवर ठरतं. सुईने नशा करणाऱ्यांसाठी नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ओएसटी केंद्रं आहेत, तिथे नशेऐवजी औषध देतात, ती तू पाहिली आहेसच. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली, नर्सच्या समोर, निदान सुरुवातीला तरी रोज. ‘रोज’ या शब्दावर थांब. माझा एक रुग्ण सायनच्या बाजूला रुळांलगत राहायचा, केंद्र चालत दहा मिनिटांवर. झोपडी तुटली, घर मिळालं ते मानखुर्दला. कागदोपत्री त्याचं भलंच झालं. पण तो नाक्यावर उभं राहून काम मिळवणारा माणूस. सकाळी नाका गाठायचा की केंद्र? एकोणीस दिवस त्याने दोन्ही केलं, विसाव्या दिवशी आला नाही. फाइलवर शेरा पडला, ‘रुग्ण अनियमित’. बघ, इथे मात्र कर्ता बरोबर हजर होता.

झोपड्यांच्या पात्रतेच्या यादीत पुरावे, क्षेत्रफळ, कुटुंबप्रमुख असे रकाने असतात. घरात कुणी रोजच्या औषधावर आहे का, हा रकाना मी कधी पाहिला नाही. क्षयाच्या रुग्णालाही तेच लागू. म्हणून तुझ्या भागात कुठेही स्थलांतर होणार अशी कुणकुण लागली की आधी केंद्रात जा आणि नव्या जागेजवळच्या केंद्राच्या नावाने पत्र तयार करून घे. सामान हलायच्या आधी, नंतर नाही.

खासगी ‘नशामुक्ती केंद्रां’बद्दल तू फार रागाने लिहिलं आहेस. राग योग्य आहे. दोन खोल्यांत चाळीस पोरं, खिडक्यांना पत्रे, बापाने पैसे भरले की रात्री गाडी येऊन पोराला उचलून नेणार, मारहाणीला ‘शिस्त’ म्हणणार. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या सेवनाशी जोडलेले मानसिक विकार धरलेले आहेत. त्यामुळे अशा केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. साखळीने बांधायला तर कायद्यात सरळ बंदी आहे. विनानोंदणी केंद्राला पहिल्या खेपेचा दंड मात्र 5 हजार ते 50 हजार रुपये. दोन पोरांच्या महिन्याच्या फीमध्ये वसूल होईल एवढाच. म्हणून नुसत्या नोंदणीच्या तक्रारीवर थांबू नकोस, मारहाणीची आणि डांबून ठेवल्याची तक्रार पोलिसांत वेगळी दे.

पण थांब. माझी एक चूक सांगते. महामार्गालगतच्या एका केंद्राविरुद्ध मी दीड वर्ष पाठपुरावा केला. एका मंगळवारी छापा पडला, टाळं लागलं, वर्तमानपत्रात फोटो आला. सदतीस पोरं पिशव्या घेऊन रस्त्यावर. ती कुठे जाणार, हे आमच्यापैकी कुणाच्याच कामात बसत नव्हतं. काहींचे घरचे आले, काहींचे फोन उचलेनात. आठवड्यात तीन जण आमच्याच जिन्यावर दिसले. त्यातला एक चौथ्या दिवशी दगावला. तीन महिने ब्राऊन शुगर बंद असलेलं शरीर जुना डोस सोसत नाही, हे मला पाठ होतं. पाठ असून काय उपयोग? बंद करायच्या आधी खाटा मोज. सरकारी रुग्णालयात किती, समाजकल्याणच्या अनुदानित केंद्रात किती, मुक्तांगणसारख्या संस्थेला फोन करून किती. खाटा निघाल्या की मग टाळं. तोवर केंद्रात आरोग्य खात्याचा डॉक्टर आठवड्यातून एकदा पाठवता आला तरी मारहाण कमी होते. बाहेरचा डोळा आत गेलेला त्यांना परवडत नाही.

केंद्र पाहायला गेलास की ऑफिसात बसू नकोस. स्वयंपाकघर बघ. औषधांचं कपाट कुणाच्या किल्लीने उघडतं ते बघ. नातेवाइकांना पोरांशी एकट्याने बोलू देतात का, ते विचार. भिंतीवरच्या सुविचारांकडे लक्ष देऊ नकोस, वाईट केंद्रांत ते जास्त असतात.

आणि पोलीस. त्यांच्याशी भांडू नकोस, पण त्यांना नावं देऊ नकोस. कुठल्या जिन्यावर, किती वाजता, काय विकलं जातं, एवढं सांग. कोण ओढतं ते तुझ्या वहीत राहू दे, आणि ती वही बैठकीला नेऊ नकोस. एकदा का पोरांना वाटलं की ताईशी बोललं की चौकीला बोलावणं येतं, की आरोग्यसेविकेलाही दार उघडत नाहीत. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याचं कलम 64 अ छापून खिशात ठेव. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात पकडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार असेल तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. नव्या फौजदारांना ते नीट वाचून दाखव, ऐकतात. ‘गर्दुल्ला’ हा शब्द मात्र तू स्वतः वापरू नकोस. इतिवृत्तात दोनदा आलाय.

पुढची बैठक गुरुवारी आहे म्हणतोस. अजेंड्यावर एकच विषय ठेव, बी विंगेतली ती चार बंद घरं. संबंधित तिघांनाच बोलाव, बाकीच्यांना कळव फक्त. मीही येते. गुडघे बरे नाहीत, तेव्हा लिफ्ट चालू झाली असेल तर वर भेटू, नाहीतर तळमजल्यावर इस्त्रीवाल्याशेजारी खुर्ची टाकून ठेव.

तुझी,
ताई