जुन्या वहीतलं वजन

“मॅडम, मी १४० किलोचा स्क्वॉट मारायचो. आता डोकं म्हणलालंय ‘उचल’, अन् अंग म्हणलालंय ‘बस’. गेलेली ताकद परत येती का? आणि माळकरी माणसाचं वरण-भाकरीवर भागतं का?”

लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर मुनीम असलेले हे गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. वय ४१, वजन ८४ किलो. कॉलेजात पॉवरलिफ्टिंग केलेलं (स्क्वॉट म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारलेली बैठक), मग नोकरी, लग्न, मुलं, आणि ९ वर्षांचा खंड. हातात तेव्हाची वही होती, कडा तेलकट झालेली. वजन उचलणं सोडून दिलेली माणसं चाळिशीत परत येतात तेव्हा हेच दोन प्रश्न घेऊन येतात, म्हणून त्यांची परवानगी घेऊन, ओळख बदलून लिहिते आहे.

त्यांनी वही उघडूनच सुरुवात केली होती. पहिल्याच दिवशी १०० किलो लावून पाच सेट. तिसऱ्या दिवशी जेवायला खाली बसता येईना, तेव्हा वहिनींनी स्टुलावर ताट मांडलं. मी आधी लघवीचा रंग विचारला. खंडानंतर एकदम जास्त व्यायाम झाला तर स्नायू तुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं, लघवी काळ्या चहासारखी होते आणि किडनीवर बेतू शकतं. तसं दिसलं तर घरी शेकत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. यांचं तसं नव्हतं. पण बीपी मोजलं तर १४६/९४. जड वजन उचलताना श्वास कोंडला की बीपी आणखी चढतं, म्हणून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी सुरू झाली, साखर आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही तपासून झालं. परवानगी मिळेपर्यंत तीन आठवडे त्यांनी नुसतं चालणं आणि काठीवर बैठकीचा सराव केला. मोठ्या नाखुशीनं केला, पण केला.

ताकद परत येते का? येते, आणि पहिल्यांदा कमवायला लागली त्यापेक्षा लवकर येते. वजन कसं पेलायचं हे मेंदू आणि नसा पुरतं विसरत नाहीत. व्यायामानं स्नायूच्या पेशीत वाढलेली केंद्रकं स्नायू आटल्यावरही टिकतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. माणसांत ते किती लागू आहे यावर अजून वाद आहे, पण परतणाऱ्यांचा वेग मी स्वतः पाहते. अडचण सांध्यांची असते. स्नायू हाडाला बांधणाऱ्या स्नायूबंधांना रक्तपुरवठा कमी, ते सावकाश तयार होतात. स्नायू म्हणतो झालो तयार, आणि गुडघा-खांदा मागे राहतो. दुखापती होतात त्या बहुतेक याच काळात, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात.

म्हणून ठरलं ते असं: आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. स्क्वॉट, बेंच प्रेस (उताणं झोपून वजन वर ढकलणं), रोइंग (वजन अंगाकडे ओढणं), आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं) आठवड्यातून एकदाच. सुरुवात जुन्या वजनाच्या ४० टक्क्यांनी, दोन-दोन सेट, आणि अजून तीन रेप्स (उठाव) निघतील असं वाटत असतानाच बार खाली. उचलताना श्वास सोडायचा. पायांच्या व्यायामाला आठवड्याला जास्तीत जास्त ५ किलो वाढ, हातांच्या व्यायामाला अडीच. उन्हाळ्यात सगळं सकाळी सातच्या आत.

आता ताट. त्यांनी पोट उतरवायला रात्रीची भाकरी सोडली होती आणि तीन हजारांचा प्रथिनांच्या पावडरचा डबा आणला होता. मी दिवसभराचं खाणं लिहायला लावलं. चार भाकरी, दोन वाट्या पातळ वरण, पोहे, भाजी, चहातलं दूध. सगळं मिळून प्रथिनं भरली जेमतेम ५५ ग्रॅम. वजन मारणाऱ्याला शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज दीड ग्रॅमच्या आसपास लागतात. त्यांचं व्हायला हवं ते वजन ७५ धरलं, म्हणजे सुमारे ११०. अर्धीच.

“तुमच्या दुकानात रोज कशाचे काटे होतात?” मी विचारलं.

“सोयाबीनचे,” म्हणाले, आणि स्वतःच थांबले.

सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅम प्रथिनं असतात. ४० ग्रॅम वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, येसर (आपला घरगुती मसाला) लावून रश्श्यात टाकल्या की २० ग्रॅम झाली. (कच्चं सोयाबीन मात्र भिजवून खाऊ नये, ते नीट शिजलेलंच पचतं.) वरण दोन्ही वेळा घट्ट, मूठभर शेंगदाणे, दोन मोठ्या वाट्या दही. हिशेब ११० ला टेकला. भाकरी परत सुरू केली, कारण ज्वारीत प्रथिनांतला जो लायसिन नावाचा घटक कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो. आपल्या आज्यांनी ही जोडी उगाच जमवलेली नाही. पावडर वाईट नसते, ज्याला ताटातून भागत नाही त्यानं जरूर घ्यावी. किडनी निरोगी असेल तर एवढ्या प्रथिनांची धास्ती नको, आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मग पोट कशानं उतरणार? ते वहिनींनी सांगितलं. “चहा दोन म्हणतेत, पण आडतीवर सहा होतेत. दोन-दोन चमचे साखरेचे.” ती साखर ६० ग्रॅम, म्हणजे जवळपास २४० कॅलरी रोजच्या. तेवढीच काढली. पहिले आठ दिवस ते चिडचिडे झाले होते, असं दोघांनीही सांगितलं.

येळवसेच्या (वेळ अमावास्येच्या) आदल्या दिवशी फोन आला, सणाची भज्जी किती खाऊ? मी म्हटलं, पोटभर खा, डाळी-दाणेच आहेत त्यात.

पाचव्या महिन्यात आले तेव्हा वजन ८१, कंबर ६ सेंटिमीटर कमी, बीपी आटोक्यात, स्क्वॉट १०५. जुनी वही बरोबर नव्हती. १४० कधी, असं त्यांनी विचारलं. मी तारीख दिली नाही, गुडघ्याची चौकशी केली. गुडघा ठीक होता.

उठता उठता वहिनी म्हणाल्या, “मॅडम, माझं वय ३८ हाय. मला पण चालंल का हो हे?”

त्यांना मी परत खाली बसवलं आणि बीपीचा पट्टा काढला.