केजन: काजूचा नव्हे, अकादीचा

प्रश्न आलाय: ‘डेनिस मॅगी या अमेरिकी वादकाला “केजन फिडलर” म्हणतात. आडनाव तर आयरिश वाटतं. मग केजन म्हणजे काय? काजूशी संबंध आहे का? आणि फिडल हे कुठलं वाद्य?’

फिडल म्हणजे व्हायोलिनच. मैफल बदलली की नाव बदलतं, एवढंच. काजूचं मात्र आता डोक्यावरून पाणी गेलंय. परवा एका हॉटेलच्या मेन्यूत ‘काजून बटाटे’ दिसले आणि वेटरने छातीठोकपणे सांगितलं, “काजूची पेस्ट असते, साहेब.” नसते! काजू आला ब्राझीलच्या तुपी भाषेतून, पोर्तुगीजांच्या हातून. केजनशी त्याचं सुतराम नातं नाही.

केजन म्हणजे अकादियँ, अकादीचा माणूस. अकादी ही आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरची फ्रेंच वसाहत. १७५५ पासून इंग्रजांनी तिथल्या लोकांना हुसकावून लावलं, त्यातले बरेच जण पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियानात वसले. आता गंमत बघा. आधी ‘अ’ गळाला: कादियँ. मग ‘दिय’चा ‘ज’ झाला: काजँ. इंग्रजीत केजन. अहो, हे तर आपलंच! ‘अ’ गळून अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला. अद्यचं आज झालं, विद्युतची वीज झाली. ‘द’नंतर ‘य’ आला की जीभ टाळूला लागते आणि ‘ज’ उमटतो, मग बोलणारा गोदाकाठचा असो की लुइझियानाचा.

आता ‘अकादी’. कोश सांगतात, व्हेराझानो या दर्यावर्दीने १५२४ मध्ये ग्रीसमधल्या आर्केडिया प्रांतावरून किनाऱ्याला नाव दिलं. दिलं असेल, पण बरंच दक्षिणेला! नकाशांवर ते उत्तरेकडे सरकलं आणि त्यातला ‘र’ आपसूक पडला म्हणे. तिथल्या मिगमॉ लोकांच्या भाषेत ‘अकादी’ हा प्रत्यय आहे: अमुक गोष्ट जिथे मुबलक, ती जागा. नोव्हा स्कॉशियात शुबेनाकादी आजही आहे. माझ्या मते ‘र’ पाडला तो या प्रत्ययाने. आणि त्याची बोळवण कोशकार एका ओळीत करतात, हा अन्याय आहे.

राहिले मॅगी (१८९३–१९८९). आडनाव आयरिशच, पण तोवर ‘केजन’ हा शब्द रक्ताचा राहिला नव्हता, बोलीचा झाला होता. लुइझियानातल्या युनिस गावच्या या माणसाने शेती केली, लोकांचे केस कापले आणि गाणी गायली ती फ्रेंचमध्ये. १९२९ मध्ये सॅडी कुर्व्हिल यांच्याबरोबर दोन फिडलांची ध्वनिमुद्रणं केली, त्याच वर्षी अमेदे आर्दवँ या क्रिओल, म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय समाजातल्या, अकॉर्डियनवादकाबरोबरही. दोन फिडलांत एक चाल वाजवतं, दुसरं खाली लय आणि सुरावट सांभाळतं. गज दोन तारांवर एकदम फिरतो. एकीवर चाल, दुसरी नुसती घुमत राहते. सनईमागे सूर धरणारा असतो ना, ते काम इथे एकाच हातातली दुसरी तार करते.

आणि मेन्यूवर ‘केजन’ लिहा. ‘काजून’ नको.