लेक म्हणते, ‘माझा बाप्तिस्मा परत व्हायला हवा’

एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. त्यांची मुलगी शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात राहते. तिथे मैत्रिणीबरोबर एका मंडळीत जाऊ लागली. सुट्टीत घरी आली आणि जेवताना म्हणाली, “आई, देव एकच आहे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती नाहीत. येशू हेच देवाचं नाव. माझा बाप्तिस्मा येशूच्या नावाने परत व्हायला हवा.” वडील पानावरून उठून गेले. ताई विचारतात: ही मंडळी कल्ट (माणसांना कह्यात ठेवणारा पंथ) आहे का, तिला उत्तर काय द्यायचं, आणि तिने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलंच तर आम्ही जायचं की नाही?

ताई, सगळ्यात आधी तिच्या मंडळीचं पूर्ण नाव विचारा आणि त्यांची विश्वासाची विधानं तिच्याबरोबर बसून वाचा. तिची झडती घेण्यासाठी नव्हे. ‘देव एकच’ हे वाक्य त्रैक्य (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) मानणारेही म्हणतात आणि न मानणारेही, आणि न मानणाऱ्यांमध्येही एकाचा अर्थ दुसऱ्याला मान्य नसतो. ती नेमकं काय म्हणते हे कळल्याशिवाय दिलेलं उत्तर तिसऱ्याच कुणाला दिल्यासारखं होईल.

‘येशूच्या नावाने परत बाप्तिस्मा’ हे तिचे शब्द पाहता ती वननेस पेंटेकॉस्टल मंडळीत जात असावी. पेंटेकॉस्टल म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणारे, आणि त्यांच्यातले त्रैक्य न मानता देवाचं एकत्व शिकवणारे ते वननेस. या विचाराचा उगम 1913 सालचा. लॉस एंजेलिसजवळ अरोयो सेको इथे पेंटेकॉस्टल लोकांचं मोठं शिबिर भरलं होतं. तिथे मॅकअलिस्टर नावाच्या कॅनडियन उपदेशकाने एक मुद्दा मांडला: मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्यायला सांगतो, पण प्रेषितांची कृत्ये वाचली तर प्रेषितांनी दिलेला प्रत्येक बाप्तिस्मा येशूच्या नावाने दिसतो. फ्रँक युवर्ट नावाच्या दुसऱ्या उपदेशकाने त्यावर वर्षभर विचार केला आणि 1914 मध्ये स्वतः परत बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी असेंब्लीज ऑफ गॉड ही पेंटेकॉस्टल संघटना स्थापन झाली होती. दोन वर्षांत वाद इतका पेटला की 1916 मध्ये या संघटनेने त्रैक्य स्पष्ट शब्दांत लिहून काढलं आणि दीडशेहून अधिक पाळक बाहेर पडले. पुढे 1945 मध्ये युनायटेड पेंटेकॉस्टल चर्च ही वननेस संघटना उभी राहिली. म्हणजे तुमची लेक ज्या दारात उभी आहे ते काल-परवा कुणी उघडलेलं नाही. शंभरहून अधिक वर्षं माणसं पवित्र शास्त्र हातात धरून या प्रश्नावर भांडत आली आहेत.

वननेस मंडळ्यांचं म्हणणं असं की देव एकच, आणि तोच पिता म्हणून, पुत्र म्हणून आणि आत्मा म्हणून प्रकट होतो. मत्तयात ‘नावाने’ हा शब्द एकवचनी आहे, तेव्हा तिघांचं मिळून एकच नाव असलं पाहिजे, आणि ते नाव येशू. “ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे” हे वचन ते पुन्हा पुन्हा दाखवतात. येशूच्या देवपणावर त्यांचा विश्वास काठोकाठ आहे. ते येशूला कमी मानतात असं तिला चुकूनही म्हणू नका. तसं म्हटलंत तर तुम्ही तिचं ऐकलंच नाही हे तिला लगेच कळेल, आणि ते खरंही असेल.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगावीशी वाटते. मी बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवलं. त्रैक्याचा धडा आला की मी टेबलावर बर्फाचा खडा ठेवायची, शेजारी पाण्याचा पेला आणि वाफाळती किटली. “बघा, बर्फ, पाणी, वाफ. रूपं तीन, पदार्थ एक.” मुलं बर्फाला बोट लावायची, वाफेवर हात धरायची, आणि मला वाटायचं, छान समजलं. एका वर्षी आठ-नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, “मग बर्फ पाण्याशी बोलतो का?” मला उत्तर आलं नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की प्रभू येशू अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करतो ती कुणाला, हाच त्याचा प्रश्न होता. मी शिकवत होते ते त्रैक्य नव्हतंच. एकच देव, तीन रूपं, ही तिसऱ्या शतकातल्या साबेलियसची शिकवण, आणि मंडळीने ती तेव्हाच नाकारली होती. एकच माणूस कुणाचा बाप, कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, हे दुसरं आवडतं उदाहरणही त्याच वाटेने जातं. आजचे वननेस शिक्षक नेमकं हेच उदाहरण वापरतात.

म्हणून ताई, आठवून बघा, लहानपणी लेकीला तुम्ही काय सांगितलं होतं? बहुतेक आपण सगळ्यांनी बर्फ-पाणी-वाफच सांगितलं. ती कदाचित तुम्ही शिकवलेलंच शेवटपर्यंत घेऊन गेली आहे. तसं असेल तर तिला मोकळेपणी सांगा की आम्ही अर्धवट शिकवलं, आता आपण पुन्हा एकत्र वाचू. (त्रिमूर्तीची तुलनाही टाळा. तिथे तीन देवता आणि वाटून घेतलेली कामं डोळ्यांसमोर येतात, आणि त्रैक्यात तसं काहीच नाही.)

मग त्रैक्य मानणारे काय म्हणतात? देवाचं तत्त्व एक, आणि त्या एकाच तत्त्वात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे खरोखर एकमेकांशी नात्यात आहेत. पिता पुत्रावर प्रीती करतो, ती एकाच नटाने वेगवेगळी वेषभूषा करून केलेली नाही. यार्देन नदीतला येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग तिच्याबरोबर सावकाश वाचा: पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, आकाशातून पित्याची वाणी होते, आणि हे सगळं एकाच वेळी. मग योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय वाचा, तिथे प्रभू म्हणतो की जग होण्यापूर्वीच पित्याने त्याच्यावर प्रीती केली. माझ्या मते सगळ्यात भक्कम जागा हीच. वननेस शिक्षक म्हणतात की प्रार्थना करत होता तो येशूचा मानवी स्वभाव. पण जग होण्यापूर्वी मानवी स्वभाव कुठे होता? “मी आणि पिता एक आहोत” या वचनातही ‘आहोत’ म्हटलंय, ‘आहे’ नाही. तेर्तुल्यन या लॅटिन लेखकाने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला याच क्रियापदावर बोट ठेवलं होतं.

आपल्या ‘व्यक्ती’ या शब्दानेही घोटाळा होतो. तीन व्यक्ती म्हटलं की तीन खुर्च्यांवर बसलेली तीन माणसं दिसतात, आणि मग ‘तीन देव मानता’ हा आरोप खरा वाटू लागतो. जुन्या ग्रीक आणि लॅटिन शब्दांना असा अर्थ नव्हता. लेकीचा राग त्या तीन खुर्च्यांच्या चित्रावर असेल तर तिला सांगा, आम्हीही ते चित्र मानत नाही.

ती त्रैक्य न मानणाऱ्या दुसऱ्या कुठल्या गटात असेल तर हे सगळं बोलणं वेगळ्या दिशेने जाईल. यहोवाचे साक्षीदार येशूला देवाने निर्माण केलेला पहिला पुत्र मानतात आणि पवित्र आत्म्याला देवाची कार्यशक्ती. हा प्रश्न चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाच्या आरियसने उभा केला होता, आणि त्यावर 325 साली नायसिया इथे धर्मसभा भरली. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरलं खरं, पण भांडण मिटायला 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेपर्यंत वाट पाहावी लागली, आणि त्या दरम्यान त्रैक्याच्या बाजूने लढणाऱ्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. युनिटेरियन लोक येशूला थोर गुरू मानतात, देव नाही. लॅटर-डे सेंट्स पिता, पुत्र आणि आत्मा हे तीन वेगळे, पण हेतूने एक असलेले मानतात. वननेसवाले येशूला संपूर्ण देव म्हणतात, तर साक्षीदार निर्माण केलेला म्हणतात. या दोघांना एकाच ‘चुकीच्या’ टोपलीत टाकणं अन्यायाचं आहे.

एक सावधगिरी. वादात योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे’ हे वाक्य पुढे करू नका. ते सर्वात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरॅस्मस या विद्वानाने 1516 च्या आपल्या छापील ग्रीक नव्या करारात ते घेतलं नव्हतं, 1522 च्या आवृत्तीत घेतलं. तिच्या मंडळीतल्या कुणीतरी तिला हे नक्की सांगितलं असणार. ‘त्रैक्य’ हा शब्द शास्त्रात नाही, हेही खरं आहे आणि ते मान्य करायला हरकत नाही. तेर्तुल्यनच्या काळात लॅटिनमध्ये तो रुळू लागला. शब्द नंतरचा असला तरी ज्या वचनांवर तो उभा आहे ती पहिल्या शतकातलीच आहेत.

आता कल्टबद्दल. त्रैक्य नाकारलं म्हणून कुणी कल्ट होत नाही. मी दुसऱ्याच गोष्टी पाहीन. प्रश्न विचारले तर पाळक चिडतात का? घरच्यांशी बोलणं कमी कर असं सांगतात का? पैसे, वेळ, लग्न याबद्दलचे निर्णय दुसरं कुणी घेतं का? तसं काही नसेल तर तो मतभेद आहे, संकट नाही. पण एक प्रश्न तिला नक्की विचारा, कारण तुमच्या पत्रातली खरी ठेच तिथेच आहे. बऱ्याच वननेस मंडळ्या शिकवतात की येशूच्या नावाने पाण्याचा बाप्तिस्मा आणि अन्य भाषांसह (न शिकलेल्या भाषांत बोलत) पवित्र आत्मा मिळणं, दोन्हीशिवाय तारण नाही. तुम्ही लिहिलंत की जेवणाच्या टेबलावर ती रडवेली होऊन म्हणाली, “मग आजीचं काय?” तुमच्या सासूबाईंचा बाप्तिस्मा पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला आणि त्या जाऊन तीन वर्षं झाली. वरवर तुमची मुलगी देवाच्या एकत्वावर वाद घालते आहे, पण आतून ती आजीसाठी घाबरली आहे. तिच्या बाबांना हे सांगा. त्यांना वाटलं मुलीने आपल्या आईचा अपमान केला, म्हणून ते उठले. ती तर त्यांच्याच आईसाठी रडत होती.

परत बाप्तिस्मा घेण्याबद्दल माझं मत विचारलंत तर, मी घेऊ नको म्हणेन. दिदाखे नावाचा मंडळीचा फार जुना लेख पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याच नावाने बाप्तिस्मा द्यायला सांगतो, आणि ‘एकच बाप्तिस्मा’ हे शब्द आपण नायसियाच्या मतांगीकारात (विश्वासाच्या कबुलीत) दर वेळी म्हणतो. त्याच विश्वासाने कॅथलिक मंडळी आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य करतात, बाकी कितीही मतभेद असले तरी. पण ती सज्ञान आहे. तिला सहा महिने थांबायला सांगा. त्या काळात दर आठवड्याला फोनवर एक अध्याय वाचा, योहानापासून सुरुवात करा, आणि तिच्या पाळकांना तुमचे प्रश्न लिहून पाठवा. तुमच्या पाळकसाहेबांनाही तिच्याशी बोलायला सांगा, मात्र उपदेश करायला नको, ऐकायला.

आणि तरीही तिने ठरवलं, तर जा. दोघंही जा, पुढच्या रांगेत बसा. त्याने तुम्ही त्यांचं मत मान्य केलं असं होत नाही, आणि हे तिला आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे मनात काही राहायला नको. ती पाण्यातून वर येईल तेव्हा टॉवेल तुमच्या हातात असू दे.