दोन पैशांत अणुभट्टी उतरते का?

प्रश्न : गंगापूर रोडवरच्या आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीची मी सचिव आहे. सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या पैशाचा, विषय निघाला की सभेत दरवर्षी वाजतं. परवा तारापूरला नोकरी करणारा माझा भाचा सांगत होता की अणुवीज केंद्रांचाही असाच फंड असतो. केंद्र बंद झाल्यावर मोडायचा खर्च म्हणून वीजदरातून युनिटमागे २ पैसे बाजूला काढतात. २ पैशांत काय होणार? आणि एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचे जुने संच भंगारात विकले तर उलट पैसेच येतील, मग अणुभट्टी मोडायलाच पैसे का लागावेत?

उत्तर : ताई, भंगाराचंच आधी बोलतो, कारण त्यात मी स्वतः पोळलोय.

जुन्या नाशकातला आमचा वाडा उतरवायचा ठरला तेव्हा ठेकेदार म्हणाला, "काका, सागवान मला द्या, पाडण्याचा एक रुपया नको." मी आयुष्यभर कारखान्यांची एस्टिमेटं केलेला माणूस, तरी खूश झालो. काम सुरू झाल्यावर कळलं की एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणजे तिला आधार देत उतरवणं आलं. बोळात टेम्पो शिरेना, राडारोडा गाढवांवरून काढावा लागला. शेवटी माजघराच्या फरशीखाली धान्य साठवायचं पेव निघालं, दीड पुरुष खोल! आजीनेसुद्धा त्याचा कधी उल्लेख केला नव्हता. ते बुजवायलाच सागवानाची किंमत गेली.

अणुभट्टीत सागवानच विकता येत नाही असं समजा. भट्टीच्या हृदयाजवळचं, म्हणजे जिथे इंधन असतं तिथलं, पोलाद आणि काँक्रीट किरणोत्सारी झालेलं असतं. ते लांबून चालवायच्या अवजारांनी कापायचं, मोजायचं, डब्यात बंद करायचं आणि खास जागी पुरायचं. पेवंही निघतात. अमेरिकेत कनेक्टिकट यँकी केंद्र मोडताना जमिनीखालची दूषित माती अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली आणि खर्च अंदाजाच्या खूप वर गेला.

आता तुमचे २ पैसे. भाचा बरोबर सांगतोय. ७०० मेगावॉटची भट्टी वर्षभर ऐंशी टक्के क्षमतेने चालली तर साधारण ४९० कोटी युनिट वीज होते. त्याचे २ पैशांनी वर्षाला ९ कोटी ८० लाख झाले. चाळीस वर्षांत, व्याज सोडून, ३९२ कोटी. आता तारापूरच्या १९६९ च्या जुन्या जोडीतली एक भट्टी घ्या, १६० मेगावॉटची. पंचाहत्तर टक्के चालली तरी वर्षाला २ कोटी १० लाखच हाती येतात.

खरी मेख इथे आहे. लहान भट्टीची कमाई लहान, पण मोडायचा खर्च त्या प्रमाणात लहान होत नाही. अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामकाने मोडणीसाठी ठेवायच्या किमान रकमेचं एक सूत्र ठरवलंय. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांसारख्या उकळत्या पाण्याच्या जातीसाठी ते १९८६ च्या डॉलरांत, सगळ्यात लहान भट्टीला सुमारे साडेअकरा कोटी आणि सगळ्यात मोठीला साडेतेरा कोटी डॉलर येतं. फरक बघा केवढासा! वाडा दोन खणी असो नाहीतर चार खणी, गाढवं आणावीच लागतात. शिवाय या आकड्यात वापरलेल्या इंधनाचा खर्च धरलेलाच नाही.

पण त्या सूत्रातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. १९८६ चा आकडा तसाच बसून राहत नाही. मजुरी, ऊर्जा आणि कचरा पुरण्याचा दर, या तिघांच्या वाढीने तो फुगवत न्यायचा. मजुरीचा वाटा पासष्ट टक्के. दर दोन वर्षांनी कंपनीने फंडात किती जमलंय ते नियामकाला कळवायचं, आणि पैसा कंपनीच्या हाताबाहेर, ट्रस्टमध्ये. एवढं करूनही तिथलं व्हर्माँट यँकी अणुवीज केंद्र २०१४ मध्ये बंद झालं तेव्हा अंदाज १२४ कोटी डॉलरचा होता आणि फंडात जेमतेम निम्मे.

आपल्याकडे महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात यावर बोट ठेवलं होतं. अणुऊर्जा नियामक मंडळाची मोडणीबद्दलची नियमावली येऊन तेरा वर्षं झाली तरी एकाही केंद्राकडे मोडणीची योजना नव्हती, आणि फंड पुरेसा आहे का हे बघण्यात मंडळाला काही भूमिकाच नव्हती. दुसरी बाजूही सांगतो. आपण वापरलेलं इंधन कचरा न मानता त्यावर पुन्हा प्रक्रिया करतो, त्यामुळे हिशेबाची मांडणी अमेरिकेपेक्षा वेगळी पडते. आणि जड पाण्याच्या भट्ट्यांच्या आतल्या नळ्या काढून नव्या बसवण्याचं काम आपल्या लोकांनी केलेलं आहे, म्हणजे किरणोत्सारी पोटात हात घालायची सवय आहे. पण हात सरावलेला असला म्हणून खिसा भरत नाही.

तुमच्या सभेतल्या भांडणाबद्दल. उपविधीप्रमाणे सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का असतो. पाव टक्का कमी की जास्त यावर तास घालवण्याआधी विचारा, हा बांधकाम खर्च कुठल्या सालचा धरलाय? बिल्डरने ताबा दिला तेव्हाचा असेल तर तुमचा फंड अजून त्याच सालात राहतोय.

प्रश्न : मी के. टी. एच. एम. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकतो. किरणोत्सार आपोआप कमी होतो, तर भट्टीला कुलूप लावून ५० वर्षं थांबायचं. काम सोपं होईल, फंडावर व्याजही चढेल. घाई कशाला?

उत्तर : तुमचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. कामगाराला सगळ्यात त्रास देणाऱ्या कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांचं, म्हणजे ५० वर्षांत तो सातशेव्या हिश्शावर येतो. अमेरिकेत बंद केल्यापासून ६० वर्षांपर्यंत मुदत मिळते ती याच विचाराने.

व्याजाचं मात्र जपून. ५० वर्षांनी आजच्या भावाने १००० कोटी लागणार असतील आणि महागाई वजा जाता ४ टक्के परतावा धरला, तर आज १४१ कोटी बाजूला ठेवले की भागतं. २ टक्के धरला तर ३७२ कोटी लागतात. भट्टी तीच, काम तेच, कागदावरचा एक आकडा बदलला. मी नोकरीत असताना साहेबांना एस्टिमेट कमी हवं असलं की असाच एखादा आकडा हळूच हलायचा. जर्मनीने २०१७ मध्ये यातला कचरा साठवण्याचा भाग वीज कंपन्यांकडून काढूनच घेतला. २,४१० कोटी युरो एकदम सरकारी निधीत भरून घेतले आणि भट्ट्या मोडायचं काम कंपन्यांकडेच ठेवलं.

थांबण्यात माणसंही हरवतात. सातपूरच्या एका कारखान्यात आम्हाला बंद पडलेल्या टाकीची जोडणी काढायची होती. आत काय आहे हे नक्की सांगू शकेल असा एकच फिटर, तोही निवृत्त होऊन निफाडला द्राक्षं करत होता. गाडी पाठवून आणला. आला, चष्मा पुसला, टाकीला एक फेरी मारली आणि जमिनीलगतच्या एका नळीकडे बोट दाखवून म्हणाला, "हिच्यात अजून माल असणार." ती नळी आमच्या एकाही नकाशात नव्हती.