सात माणसांच्या घरात ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन घ्यावे का?

आपण खानापूरहून विचारले आहे की, घरात सात माणसे, सकाळची घाई, पाणी बोअरचे आणि दूध म्हशीचे असताना दाणे दळण्यापासून कप भरण्यापर्यंत सगळे स्वतः करणारे एस्प्रेसो मशीन टिकेल का, आणि त्यात पैसे घालावेत का. बेळगावात शहापूर भागात आमचे नऊ माणसांचे एकत्र कुटुंब आहे आणि असे मशीन आमच्या ओट्यावर गेली तीन वर्षे आहे. मशीन टिकेल आणि कॉफीही चांगली होईल; परंतु ते रोज धुण्याचे काम घरातल्या कोणा एकाने आपले म्हणून पत्करले नसेल, तर ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे ते काम माझ्या वाट्याला आले. "बटण दाबले की झाले" असे म्हणत मशीन घरी आणले ते माझ्या धाकट्या दिरांनी.

बटण दाबल्यावर आत काय होते ते पाहिले, म्हणजे धुण्याचे काम कोठून येते ते कळेल. एका कपासाठी मशीन साधारण आठ-नऊ ग्रॅम दाणे दळते, ती पूड ब्रू ग्रुप नावाच्या भागात दाबून बसवते, पंप तिच्यातून गरम पाणी दाबाने ढकलतो आणि उरलेल्या चोथ्याची वडी आतल्या डब्यात पडते. या डब्यात दहा-पंधरा वड्या मावतात, म्हणजे आमच्या घरी तो रोज रिकामा करावा लागतो. शिवाय मशीन सुरू होताना आणि बंद होताना आपल्या नळ्या स्वतःच धुते, ते पाणी खालच्या ट्रेमध्ये साचते आणि घाईच्या सकाळी नेमका तोच ट्रे भरून वाहतो. पावसाळ्यात, आणि आपल्याकडच्या पावसात तर हमखास, चोथा दोन दिवस तसाच राहिला की त्यावर पांढरी बुरशी धरते. म्हणून ज्याचा ब्रू ग्रुप हाताने बाहेर काढता येतो तेच मशीन घ्यावे. आठवड्यातून एकदा तो साबण न लावता नळाखाली धुवून वाळवला की पुरते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या १५ किंवा १९ बारच्या आकड्याला भुलू नये. तो पंपाचा कमाल दाब असतो. एस्प्रेसोसाठी साधारण ९ बार पुरतात.

आपल्या बोअरच्या पाण्याची मला दुधापेक्षा जास्त काळजी वाटते. ज्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर आणि पातेल्याच्या तळाला पांढरा थर चढतो, तेच पाणी मशीनच्या बारीक नळ्यांतही क्षार सोडते, आणि तेथे थर चढला की आधी कॉफी कोमट येते, मग धार बारीक होते. आमच्याकडे राकसकोप-हिडकल धरणांचे नळाचे पाणी आहे, पण नळ नसेल त्या दिवशी आम्हीही बोअरचेच पाणी भरत होतो आणि पहिल्या वर्षी क्षार काढण्याचा दिवा वारंवार लागत होता. मशीनमध्ये पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातल्या क्षारांचे प्रमाण, नोंदवण्याची सोय असते, ती पहिल्याच दिवशी पाणी तपासण्याच्या कागदी पट्टीने पाहून लावावी, आणि दिवा लागला की पुढे ढकलू नये. क्षार काढण्यासाठी व्हिनेगर मात्र घालू नये; त्याने आतली रबरी सील खराब होऊ शकतात आणि वास बरेच दिवस जात नाही.

म्हशीच्या दुधाचा फेस दाट येतो, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण सायीची आहे. आपण दूध तापवून ठेवतो, त्यावर साय धरते, आणि ती दूध ओढणाऱ्या बारीक नळीत अडकते. दूध तापवून, पूर्ण गार करून, गाळणीने गाळून फ्रीजमध्ये ठेवलेले असेल तरच ते मशीनला लावावे. गार दुधाचा फेस चांगलाही येतो. दुधाचे भांडे जोडून स्वतः कॅपुचिनो करणारी मशीने दुकानात फार देखणी दिसतात, परंतु त्यांची नळी प्रत्येक वापरानंतर धुवावी लागते. गर्दीच्या घरासाठी वाफेची साधी दांडी असलेले मशीन मला अधिक योग्य वाटते, कारण ती ओल्या फडक्याने पुसली आणि क्षणभर वाफ सोडली की झाले.

घरात वडीलधारी माणसे असतील तर आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. आमचे सासरे स्टीलच्या फिल्टरमधल्या डिकॉक्शनवर वाढलेले. एका पहाटे त्यांनी दाणे संपलेले पाहून चिकोरी मिसळलेली कॉफी पूड सरळ दाण्यांच्या कप्प्यात ओतली. ग्राइंडर जाम झाला, आणि चिकोरी ओलावा धरून चिकट होते, त्यामुळे ती ब्रशने निघेना. मशीन दुरुस्तीसाठी पुण्याला पाठवावे लागले आणि पाच आठवडे आम्ही पुन्हा फिल्टरवर होतो. सासऱ्यांना त्याचे विशेष वाईट वाटले नाही. दाणे चिकमगळूरचे किंवा कोडगूचे सहज मिळतात. ते मध्यम भाजलेले घ्यावेत, कारण फार काळे, तेल सुटलेले दाणे ग्राइंडरच्या वाटेत चिकटतात. पावसाळ्यात कप्प्यात दोन दिवसांपुरतेच दाणे घालावेत. रोज दहा कप झाले तर किलोभर दाणे अकरा-बारा दिवसांत संपतात, हा खर्चही हिशेबात धरावा.

मशीन एका वेळी एक, फार तर दोन कप देते. दूध धरून एका माणसाला दोन मिनिटे लागतात, म्हणजे शाळेची रिक्षा येण्याच्या वेळी ओट्यापाशी रांग लागते. गणपतीत पंचवीस माणसे आली की आम्ही त्याच्याकडे पाहतही नाही. गॅसवर चहाचे मोठे पातेले चढते. आपल्या सातांपैकी कॉफी पिणारे दोघेच असतील, तर साधा फिल्टर पुरे आहे. कॅप्सूलचे, म्हणजे एकेका कपाची पूड भरलेल्या बंद डब्या लावायचे, मशीन स्वच्छ राहते, पण दर कपाचा खर्च मोठ्या कुटुंबाला परवडत नाही.

विजेचेही पाहावे. पाणी तापताना ते साधारण १,४५० वॅट, म्हणजे सहा अँपिअरहून अधिक वीज ओढते. त्यामुळे मिक्सरच्या साध्या प्लगवर न लावता सोळा अँपिअरचा प्लग द्यावा आणि घरच्या लहान इन्व्हर्टरवर चालवू नये. घेण्यापूर्वी दुकानदाराला दुरुस्ती नेमकी कोणत्या गावी होते ते विचारावे, आणि खोके व आतले थर्माकोल माळ्यावर जपून ठेवावे. आम्ही ते रद्दीत दिले होते, आणि मशीन पुण्याला पाठवताना नवे खोके सुताराकडून लाकडाचे करून घ्यावे लागले.