घंटाकृती पात्र युरोपभर पसरले. माणसेही पसरली का?

प्रश्न : युरोपातील ‘बेल बीकर’ नावाची प्राचीन मृद्‌भांडी पोर्तुगालपासून ब्रिटनपर्यंत सापडतात. मग एकच जमात सर्वत्र गेली असे समजावे का? आमच्या शेताजवळ दगडी वर्तुळे आहेत आणि वखरताना आतून व काठाशी काळी, खाली तांबडी अशी खापरे वर येतात. त्यांनाही हाच न्याय लावावा का?
– एक शेतकरी वाचक, पारशिवनी तालुका, जि. नागपूर

उत्तर : बीकर हे उलट्या घंटेच्या आकाराचे, मध्ये आवळलेले आणि तोंडाशी फाकलेले पात्र होय. ते चाकावर घडवलेले नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून अंग घोटून घेत, आणि माती ओली असतानाच पिळाची दोरी किंवा दातेरी फणी दाबून आडवे पट्टे उमटवत. काही ठिकाणी त्या खाचांत पांढरी पूडही भरलेली आढळते.

ते प्रथम कोठे घडले, यावर जुना वाद आहे. लांटिंग आणि व्हान डर वाल्स या डच अभ्यासकांनी १९७६ मध्ये ऱ्हाईन नदीच्या खालच्या खोऱ्याचा पक्ष मांडला. परंतु कार्बन-१४ पद्धतीने मिळालेले सर्वांत जुने काळ, सुमारे इ.स.पू. २८०० ते २७००, पोर्तुगालमधील टेगस नदीच्या मुखाकडे बोट दाखवतात, आणि मला हाच पक्ष बळकट वाटतो. दोरीचे ठसे उमटवण्याची रीत मात्र उत्तर व मध्य युरोपातील आधीच्या भांड्यांतही दिसते, त्यामुळे सगळे श्रेय एकाच प्रदेशाला देता येत नाही.

माणसांविषयीचा मोठा पुरावा २०१८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. सुमारे ४०० प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरून दिसले, की आयबेरिया (स्पेन-पोर्तुगालचा द्वीपकल्प) आणि मध्य युरोप येथील बीकर वापरणाऱ्यांत रक्ताचे नाते फारसे नव्हते. म्हणजे तेथे रीत पसरली, लोक नव्हेत. ब्रिटनमध्ये नेमके उलटे घडले. इ.स.पू. २४५० च्या सुमारास बीकर तेथे पोहोचल्यानंतर काही शतकांतच सुमारे ९० टक्के वंशवारसा बदलला. २००२ मध्ये इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाजवळ सापडलेल्या ‘एम्सबरीच्या तिरंदाजा’च्या थडग्यात पाच बीकर होते, आणि त्याच्या दातांवरून त्याचे बालपण आल्प्सच्या परिसरात गेले असावे असे दिसते. एकाच पात्राची दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळाली, ती पात्राकडे पाहून कधीच मिळाली नसती.

आपली खापरे बहुधा ‘काळी-तांबडी भांडी’ या प्रकारातली असावीत. भांडे भट्टीत पालथे ठेवल्यास आतल्या बाजूला व काठाला हवा मिळत नाही, म्हणून तो भाग काळा पडतो आणि बाहेरचा लाल भाजतो. अशी भांडी राजस्थानातील आहाड संस्कृतीत इ.स.पू. २००० च्याही आधी होती, तर विदर्भातील शिळावर्तुळे, जुनापाणी, माहूरझरी किंवा आपल्याच तालुक्यातील नायकुंडची, लोहयुगातील, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील आहेत. इतक्या अंतराने वेगळ्या लोकांना केवळ रंगावरून एका जमातीत बसवणे चुकीचे ठरेल. खापरे वेचून घरी नेण्यापेक्षा ती जेथे दिसली तेथेच त्यांचे छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे. वर्तुळात मात्र स्वतः खोदू नये.